नीतिमत्तेचा एक तास

३ जानेवारी, सोमवार

मोठे साहेब मार्चअखेर निवृत्त होणार. आज मीटिंगमध्ये त्यांनीच सांगितलं. कंपनीच्या विधी विभागाचा पुढचा प्रमुख मीच, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. साहेब फक्त एवढं म्हणाले, की खुर्चीवर जो कुणी बसेल त्याचे सततच्या विधी प्रशिक्षणाचे तास पूर्ण असले पाहिजेत. बोलताना माझ्याकडे बघत होते. धाकटीकडेही बघितलं, पण ते सभ्यपणा म्हणून. विभागातली तरुण वकील, माझ्यानंतर तीच. हुशार आहे. चिंतन नाही.

माझा या वर्षीचा एकही तास झालेला नाही. मार्चअखेर संपणाऱ्या वर्षाला बारा लागतात, नाहीतर वकिलीचा परवाना अडकतो. त्यात एक तास नीतिमत्तेचा सक्तीचा. ज्याने एका खोलीच्या शाळेत गुरुजींच्या धाकात सचोटी गिरवली, त्याने पन्नाशीला टेकल्यावर हॉटेलात जाऊन ती पुन्हा शिकायची! किळस येते.

तरी देवापुढे बसून तीन संकल्प केले. प्रत्येक कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसायचं. बाहेरच्या फर्मकडून पेनसुद्धा घ्यायचं नाही. आणि कमी बोलायचं.

८ जानेवारी, शनिवार

पहिला कार्यक्रम. हॉल इतका गार, की आम्हाला शिकवायला बोलावलंय की टिकवायला, कळेना. एक मोठी वकील फर्म यजमान. या फर्म आम्हा कंपनीतल्या वकिलांना फुकट ज्ञान देतात, कारण खटले कुणाला द्यायचे ते आम्ही ठरवतो. म्हणजे गिऱ्हाइकाला आधी पाट मांडून बसवायचं, मग वाढायचं.

दारात गळ्यात कार्ड अडकवतात. आत जाताना मशीनला दाखवायचं, बाहेर येताना दाखवायचं, मधला वेळ आपण शिकलो असं धरतात. अर्धे लोक आत आल्याची नोंद करून बाजूच्या दाराने थेट कॉफीच्या सोफ्यांवर. कायद्याची माणसं ही! शिसारी आली.

विषय 'करारांतले अदृश्य धोके'. वक्ता आमच्याकडे पाठ करून पडद्यावरचं वाचत होता. आम्हालाही वाचता येतं. शेवटी राहवलं नाही, उठून प्रश्न विचारला. करार, वचन, माणसाचं मन असा सविस्तर विचारला. सूत्रसंचालक तीनदा वेळ संपल्याचं म्हणाला. मग मी खाली बसलो. प्रश्न काय होता, असं वक्त्याने विचारलं. वेळ काढण्याची जुनी युक्ती.

शेवटचा तास सोफ्यावर बसलो. पण डोळे मिटून, विषयाचं मनन करत. आतल्यांपेक्षा खोल गेलो असेन.

जाताना बॅग वाटत होते. पेन, बाटली, वही. ठाम नकार दिला. पण काउंटरवरच्या मुलीचा चेहरा दिवसभर उभं राहून उतरला होता. तिच्या कष्टांचा अपमान कसा करणार? घेतली. कपाटावर ठेवली आहे, पुरावा म्हणून.

१० जानेवारी, सोमवार

आमची मुलगी पुरावा घेऊन कॉलेजला गेली.

१९ जानेवारी, बुधवार. रात्री जेवणानंतर

आज घरून ऑनलाइन सत्र. हे सात्त्विक वाटलं. हॉटेल नाही, बॅग नाही. फक्त अधूनमधून पडद्यावर एक चौकोन येतो: 'आपण उपस्थित आहात का?' त्यावर बोट ठेवायचं. पहिल्यांदा ठेवलं. मग मनात आलं, काय प्रश्न आहे! खरोखर उपस्थित असणं म्हणजे काय? डोळे मिटून विचार करू लागलो. उघडले तेव्हा वक्ता गेला होता आणि पडद्यावर लिहिलं होतं, की आपली उपस्थिती नोंदली गेली नाही.

बायको म्हणते, घोरणं स्वयंपाकघरापर्यंत येत होतं, तिला वाटलं मिक्सर चालू राहिला. हिला दीर्घ श्वसन माहीत नाही.

आयोजकांना चार पानी तक्रार पाठवली.

धाकटीचे सगळे तास दिवाणखान्यात बसून नोव्हेंबरातच पूर्ण झालेत म्हणे. मी म्हटलं, घाईने घेतलेलं पचत नाही. ती म्हणाली, हो ना सर, म्हणून मी लिहून घेते.

२ फेब्रुवारी, बुधवार

अत्तरवाल्यांचा फोन. त्या यजमान फर्मचे मुख्य भागीदार. हस्तांदोलन केलं, की आपल्या हाताला संध्याकाळपर्यंत वास येतो, म्हणून मी त्यांना मनात अत्तरवाले म्हणतो. म्हणाले, तुमचा त्या दिवशीचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. वाटलंच होतं मला.

जेवायला बोलावलं. मी स्पष्ट सांगितलं, की मी फर्मकडून काही घेत नाही. ते म्हणाले, मग जेवण नको, विचारांची देवाणघेवाण करू. तसं ठरल्यावर गेलो. देवाणघेवाण पाच वाट्यांतून आली. माझ्या गावच्या शाळेबद्दल खोदून खोदून विचारलं. गुरुजी, एकच खोली, झाडाला टांगलेली घंटा, सगळं सांगितलं. त्यांचे डोळे पाणावले. एवढा मोठा माणूस, डोंगरावरच्या महागड्या निवासी शाळेत शिकलेला.

मग म्हणाले, मार्चमध्ये आमचं वार्षिक अधिवेशन आहे. नीतिमत्तेचा तास तुम्हीच घ्या. एकटे. वक्त्याचाही तो तास धरला जातो. विचार करून सांगतो म्हटलं. गोड यायच्या आत होकार दिला होता.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना तुमच्याकडून काय हवंय? संसारात राहून माणसाचा चांगुलपणावरचा विश्वास उडतो, तो असा.

६ फेब्रुवारी, रविवार

भाषण लिहायला घेतलं. विषय: 'कंपनीचा वकील आणि बाहेरची फर्म: मोहाचे प्रसंग'. कागदावर शब्द आपोआप उतरत होते. मुलीला टाइप करायला दिलं. ती म्हणाली, बाबा, तेरा पानं झाली, अजून शाळेची घंटाच वाजतेय, कायदा कधी भरणार?

बाकीच्या तासांची नोंदणी उद्या करतो.

१२ फेब्रुवारी, शनिवार

नोंदणी राहिली होती, पण अत्तरवाल्यांनी आजच्या कार्यक्रमात बसवून घेतलं. पूर्ण दिवसाचे तास मिळाले. काल रात्रीच भाषण त्यांना वाचायला पाठवलं. म्हणाले, एक शब्द बदलायची गरज नाही. इतक्या लवकर वाचलं!

दुपारी ते माझ्याच टेबलावर. पुढच्या वर्षी आमचं काम कोणत्या फर्मना द्यायचं, ते सध्या ठरतंय. पाच प्रस्ताव आलेत, सगळं गुप्त. त्यांनी सहज विचारलं, आमचं कसं काय? मी ताडकन सांगितलं, हे मला बोलता येणार नाही. त्यांचा चेहरा पडला. घास हातातच राहिला. भूतदया म्हणून काही असतं. मी म्हटलं, खचू नका, तिसरे आहात, साहेबांच्या मते आकडा दुसऱ्यापेक्षा पाच टक्के चढा आहे एवढंच. आणि एप्रिलपासून त्या खुर्चीत कोण असणार, हे तुम्हाला सांगायला नको.

याला माहिती देणं म्हणत नाहीत. धीर देणं म्हणतात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. घरी आल्यावर तीनदा धुतला, वास जात नाही.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

अत्तरवाल्यांच्या फर्मने काल सुधारित प्रस्ताव दिला. आकडा दुसऱ्या क्रमांकाच्या बरोब्बर खाली. मोठे साहेब मीटिंगमध्ये लालबुंद. म्हणाले, आतलं कुणीतरी फुटलंय.

माझं रक्त उसळलं. ज्या विभागात मी बावीस वर्षं घालवली, तिथे फितुरी! उठून उभा राहिलो आणि म्हटलं, साहेब, चौकशी माझ्याकडे द्या. साहेब माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, घ्या. तो विश्वास होता.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

चौकशी जोरात. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. टायपिस्ट रडली. संगणकवाला म्हणाला, आमच्याकडून काही गेलं नाही, तोंडाला पासवर्ड नसतो. उर्मट आहे.

धाकटीला विचारलं, गेल्या महिन्यात कुठल्या बाहेरच्या फर्मच्या माणसाबरोबर जेवलात का? नाही म्हणाली. दारापाशी थांबून तिने विचारलं, सर, हेच तुम्हाला कोण विचारणार? मी सांगितलं, चौकशी करणाऱ्याला कुणी विचारत नसतं. ती म्हणाली, बरं. ते 'बरं' मला आवडलं नाही. तिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

भाषणासाठी नवा कोट शिवायला टाकला. खुर्चीलाही उपयोगी पडेल.

२१ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. चौकशी कुठवर आली? मी म्हटलं, निष्कर्षाच्या अगदी जवळ. ते म्हणाले, माझी संपली.

अत्तरवाल्यांनी काल साहेबांना फोन केला होता. आभार मानायला! तुमच्या सहकाऱ्यांनी वेळेवर मार्गदर्शन केलं, आणि नव्या पदाबद्दल त्यांचं आमच्यातर्फे अभिनंदन कळवा. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं असं फोनवर? माणसाने किती खाली जावं!

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ती फर्म यादीतून बाद, आणि चौकशी कुणी मागून घेतली होती तेही मी त्यांना फोनवर ऐकवलं. बावीस वर्षांकडे बघून तुम्हाला ठेवतोय. राहिलेले तास तेवढे वेळेत पूर्ण करा, परवाना गेला तर मलाही काही करता येणार नाही. मी त्यांना माहिती देणं आणि धीर देणं यातला फरक उलगडून सांगू लागलो. ऐकता ऐकता ते उठले आणि दार उघडून उभे राहिले. हवा यावी म्हणून असेल.

१ मार्च, मंगळवार

धाकटीचं नाव जाहीर झालं. विभागप्रमुख.

सर्वांत आधी मीच अभिनंदन केलं. मनाला विलक्षण शांती वाटली. खुर्ची म्हणजे बंधन. ईश्वराने मला अलगद सोडवलं. घरी हेच सांगितलं. बायको म्हणाली, मग कोट कुणी शिवला, बंधनाने? पण दुसऱ्यांदा वाढताना न विचारताच जास्त वाढलं. तेच जरा लागलं.

टायपिस्टची माफी मागायला हवी. तिलाही आपणहून काही बोलावंसं वाटत असेल तर वाट बघतो.

४ मार्च, शुक्रवार

अत्तरवाले फोन उचलत नाहीत. त्यांची सेक्रेटरी म्हणाली, कार्यक्रमात थोडा बदल आहे, नीतिमत्तेचा तास आमचे साहेब स्वतःच घेणार. धाकटीला विचारलं होतं म्हणे, तिने त्यांचं व्यासपीठ नाकारलं. मी विचारलं, माझ्या भाषणाचं काय? सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाली, ते साहेबांना फार आवडलंय, त्यांच्याकडेच राहू दे ना. राहू दे म्हटलं. विचारांना मालक नसतो.

त्या माणसाचं तोंडही बघायचं नाही, हे पक्कं.

११ मार्च, शुक्रवार

नीतिमत्तेचा तास मार्चअखेरपर्यंत दुसरा कुठेच नाही. सगळीकडे चौकशी केली. ऑनलाइनवाल्यांकडे आहे, पण त्यांनी माझी तक्रार मिळाल्याचं कळवून खातं बंद केलंय. बाकीचे अकरा कसेबसे जमवले, झोप येऊ नये म्हणून शेवटचं सत्र उभ्याने ऐकलं. हा एकच अडला आहे.

अत्तरवाल्यांच्या अधिवेशनात श्रोता म्हणून नाव नोंदवलं. तोंड बघायचं नाही. मागे बसलं, की दिसत नाही.

१९ मार्च, शनिवार. संध्याकाळी

शेवटची रांग, खांबामागची खुर्ची. नवा कोट घातला होता. शिवलेला आहे तर कपाटात का कुजवायचा?

अत्तरवाले मंचावर आले. खांबामुळे अर्धेच दिसत होते. सुरुवात केली: आमच्या गावी एका खोलीची शाळा होती. झाडाला घंटा होती. आमचे गुरुजी म्हणायचे... माझे गुरुजी! त्यांचे डोळेही बरोबर त्याच जागी पाणावले, जिथे त्या दिवशी जेवताना पाणावले होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. मी उठून जाणार होतो, पण तास मध्येच सोडला तर धरत नाहीत.

मग म्हणाले, आता एक घडलेला किस्सा, नाव सांगणार नाही. एका कंपनीतले ज्येष्ठ वकील, दुसऱ्याच एका फर्मच्या माणसाबरोबर जेवायला बसले. आधी म्हणाले, गुप्त आहे, बोलता येणार नाही. आणि ताट संपायच्या आत कोण कितवा आणि आकडा कसा, सगळं सांगून मोकळे! पुढे तर ऐका, म्हणाले. आतलं बाहेर गेल्याची बोंब झाली, तेव्हा चौकशी मलाच द्या, म्हणून उभे कोण राहिले? तेच!

हॉलमध्ये हशा कोसळला. लोक खुर्च्यांच्या हातांवर थापा मारत होते. कॉफीच्या सोफ्यांवरचे काही आवाज ऐकून आत आले. मीही हसलो. जरा उशिरा सुरू केलं, म्हणून थोडं मोठ्याने.

शेजारचा डोळे पुसत म्हणाला, कोण असेल हो हा महाभाग? मी म्हटलं, असतात अशी माणसं, काय बोलणार! तो म्हणाला, आपल्या ऑफिसात असता तर आपण ओळखलाच असता. मी म्हटलं, चेहऱ्यावरूनच.

मग त्याने विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीत? गळ्यातलं कार्ड कोटाच्या आत सरकवलं आणि समोरच्या इमारतीतल्या कंपनीचं नाव सांगितलं.

बाहेर पडताना मशीनवर हिरवा दिवा लागला. नीतिमत्तेचा तास पूर्ण.