कानबाई तापीवर जाणार

मंगळ., २९ जुलै ९७
सकाळी भोंग्यावर गुजरातीत पुकारलं. तापीच्या ज्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, श्रावण संपेपर्यंत एकही माणूस उतरणार नाही, तो ओवारा कायमचा पाव्हण्यांचा. उतरायचं कसं, ते नाही सांगितलं. काठची भिंत त्यांची, फाटक त्यांचं, आणि फाटकातून जायची मुभा फक्त त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना. वा रे न्याय.

मी पाचवीत होते तेव्हा ही मंडळी आभाळातून उतरली. पप्पा म्हणाले, पाव्हणे आहेत, राहतील दोन दिवस. तेव्हापासून सगळं नवागाम त्यांना पाव्हणेच म्हणतं. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इथं अक्कल त्यांची गेली की आमची, कोण जाणे. बमरोलीच्या कारखान्यात आता साडी निघत नाही, त्यांना लागते ती करडी जाळीच निघते. नदी तर केव्हाच गेली. आमची कुळदेवी कानबाई श्रावणात गल्लीतच निळ्या पिंपात बुडते.

यंदा नाही. यंदा ती तापीवर जाणार. ठरलं.

शनि., २ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "पिंपात नळाचं पाणी, नळाला तापीचंच पाणी. देवीला काय फरक?"
म्हटलं, "मग तुम्ही पण पिंपातच पोहायला शिकायचं होतं."
स्वतः ह्याच ओवाऱ्यावरून उड्या मारून शिकलेत, लग्नात मला तेच कौतुकानं सांगितलं होतं.
नंतर हात धुताना म्हणाले, "फाटकावर मारतील."
भीती मलाही वाटते. पण एकदा ओवारा गेला की आमच्या पोरी विचारतील, नदी म्हणजे काय?

शुक्र., ८ ऑग., नागपंचमी
कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गहू निवडून ठेवले. आत्याबाईंनी (सासूला मी आत्याबाईच म्हणते) घरातल्या आणि भाऊबंदांच्या एकेक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू मोजले. गल्लीतल्या बाया यायला तयार आहेत. सखूबाई नाही म्हणाली, मग ओट्यावर पाठ करून बसली, मग म्हणाली येते.

नळाशी लांब्या उभाच असतो. आमच्या गल्लीवर नेमलेला पाव्हणा. विजेच्या खांबाच्या निम्म्यात येईल एवढा उंच, गळ्यात बोलायची पेटी. कोणाला मारत नाही, हसत नाही, खात तर कधीच नाही. नुसता बघतो. त्याच्यासमोर कपडे धुवायचा पहिल्यांदा संकोच वाटायचा, आता वाटत नाही. तेही वाईटच.

रवि., १० ऑग.
कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, हिरवं पातळ, केळीचे खांब. छान दिसते. आणि संध्याकाळी घोटाळा.

मंदा, माझी धाकटी जाऊ, वऱ्हाडातली. तिच्याकडं कानबाई नसते. पोर मनानं चांगली. नळावर गेली, लांब्यानं तिच्या ताटाकडं बघून विचारलं, "आ शुं छे?" हिनं "प्रसाद" म्हणून रोटाचा तुकडा दिला. आणि त्यानं खाल्ला!

कानबाईचा रोट कुळाबाहेर जात नाही. लग्न झालेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत, आणि हा तर पृथ्वीबाहेरचा. ह्यांनी कपाळाला हात लावला. चुलत दीर म्हणाले, सणच बाटला, उद्या पिंपातच बुडवा आणि मोकळे व्हा. मंदा रडायला लागली. मला तिचा राग आला होता, पण तिला रडवणाऱ्यांचा जास्त आला.

आत्याबाईंनी खिरीची वाटी संपवली. मग विचारलं, "खादा ना त्यानी? थुकना तर नही?"
"नाही," मंदा.
"मंग भाऊबंदच शे तो. रोट बाहेर गया नही, कुळ मोठं व्हयनं."
दीर म्हणाले, "काकू, तो मानूस तरी शे का?"
"तू तरी कोठे शे? रडावनं का पोरले?" आणि माझ्याकडं वळून, "जाय, त्याले सांग. सकायले आपलासंगे येनं पडी. भाऊबंद शे, घर बसी चालाव नही."

मला एकदम फाटकाचा नियम आठवला. घरच्यांना मुभा. आत्याबाईंना तो नियम माहीत होता का? विचारलं नाही. त्या दुसरी वाटी घेत होत्या.

गेले. लांब्या नळाशीच होता. गुजरातीत सांगितलं, तुम्ही आमचा रोट खाल्ला, आता तुम्ही आमच्या घरचे, उद्या देवीबरोबर तापीवर चालायचं.  पेटीतून एवढंच आलं, "घरना?"
"हा. घरना."
 मी परत आले. आत्याबाईंनी त्याच्या नावाची सव्वा मूठ कणीक वेगळी काढून मळायला घेतली होती.

सोम., ११ ऑग., सकाळ
निघतोय. लांब्या नळाशी नाही. पुरुषांत सगळ्यांच्या पुढं हे, नवा शर्ट घालून. मला वाटलं होतं घरीच राहतील. मंदाला कानबाईमागं पहिल्या ओळीत घेतलं.

तोच दिवस, फाटकापाशी
मंदाच्या पिशवीतली पेन्सिल घेऊन लिहितेय.
लांब्या दिंडोलीच्या वळणावर उभा होता. आमच्यात आला, बायांच्या मागं, पुरुषांच्या ओळीत. त्याचं एक पाऊल म्हणजे ह्यांची तीन. हे धापा टाकत पण बरोबरीनं.

फाटकावरच्यानं त्याला त्यांच्या भाषेत काही विचारलं. लांब्या गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. फाटक उघडलं नाही, आणि आम्हाला हाकललंही नाही. चुलत दीर म्हणाले, चला परत. आत्याबाई रस्त्यातच मांडी घालून बसल्या. "त्याले बोलाले येळ लागी. नवा शे."

उचललेली कानबाई पाण्याशिवाय खाली टेकवायची नाही. म्हणून डोक्यावर पाळीपाळीनं घेतोय. मी, मंदा, सखूबाई, परत मी. ऊन उतरायला लागलं. मान भरून आली होती. आत्याबाई घ्यायला उठल्या, तर मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, आमची ओढाताण चाललेली, आणि मधूनच लांब्यानं दोन्ही हात पुढं केले.
मी आत्याबाईंकडं बघितलं.
"दे," म्हणाल्या. "त्यानी पाळी शे."

दिली. म्हणून आता लिहायला हात मोकळे आहेत. फाटकावरचे बघतायत. फाटक बंदच आहे. आम्ही कोणी उठत नाही.
लांब्याचं डोकं भिंतीच्या वर जातं. कानबाई त्याच्याही वर. आम्हाला अजून काही दिसत नाही, पण तिला तापी दिसत असणार.