फियेटेची मान

डेटलेफ,

पट्टी धरून लिहितेय, ओळी वाकड्या आल्या तर चालवून घे. फियेटेला घेऊन एकटी बाजारात जातेय. मटाराचं सूप शेगडीवर आहे, नुसतं गरम कर.

आता खरं सांग, तू रोज आमच्या मागून येतोस ना? गाण्याच्या तालमीला जातो म्हणून रोज निघतोस, पण ती तर फक्त मंगळवारी असते. आंधळीला काय कळतंय, असं वाटलं असेल तुला. पण फियेटेच्या पट्ट्याची दांडी माझ्या हातात असते. त्यानं मान मागे वळवली की दांडी तिरकी होते आणि त्याची शेपूट माझ्या पोटरीवर आपटायला लागते. शेजारच्या लुएर्सेनबाईंसाठी तो इतका खूश होत नाही. काल त्याच्या तोंडाला कलेजीच्या सॉसेजचा वासही येत होता. नव्या वाटाड्या कुत्र्याला खाणं फक्त मी द्यायचं, हे शिकवणाऱ्या बाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं.

त्या सायकलवाल्यानं मला पाडल्यापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही, कळतं मला. तरी आज घरातच थांब. फियेटे नेमका रस्ता ओलांडतानाच तुला शोधतो. गाडी येते पुढून, आणि माझे डोळे मागे तुझ्याकडे लागलेले असतात.

वीबके