दोन ओळींत बसेल तेवढंच

३ मार्च, सकाळी ८.४०

संकल्प. एक: रोज डायरी. दोन: फोरमवर माझी लेखमाला, 'पडद्यावरच्या पराक्रमी बायका: एक निष्पक्ष परीक्षण', दहा भाग, महिनाअखेर पूर्ण. तीन: व्यायाम. तिसऱ्याचं नंतर बघू.

फोरमवर (मालिका बघणाऱ्यांचा ऑनलाइन अड्डा) मी 'निष्पक्ष' या नावाने लिहितो. पोटापाण्यासाठी सबटायटल्स. परदेशी मालिकेतली माणसं काय बोलतात ते आपल्या भाषेत खाली लिहायचं. नियम कडक: एका वेळी दोन ओळी, ओळीत फार तर बेचाळीस अक्षरं, आणि वाचणाऱ्याला वेळ मिळाला पाहिजे. म्हणजे कापावं लागतंच. लिहायला कोणालाही येतं, कापायला अक्कल लागते. मी बारा वर्षं कापतोय.

चहाच्या वेळी ताई चार मिनिटं बोलली. (वेळ बघायची कामामुळे सवय लागलीय.) 'नवी लॅब', 'एकतीस तारीख', 'घराचा करार', 'आता तुझं तू बघ' असं बरंच काही आलं. सारांश: ताईला बदल हवाय.

साहजिक आहे. पडदे फार जुने झालेत.

५ मार्च

नवं काम. सहा भागांची मालिका, आठवड्याला दोन भाग, मी काम दिलं की त्याच दिवशी दाखवतात. गोष्ट फुटू नये म्हणून कंपनी एका वेळी एकच भाग हातात देते. एक शहर, बाहेर कधीच न थांबणारं वादळ, मधे वाऱ्याची भिंत. ती भिंत एक बाई भर चौकात उभी राहून दोन्ही हातांनी तोलून धरते. वीस वर्षं. मी तिला भिंतवाली म्हणतो. हिरो तो तलवारवाला. देखणा. प्रत्येक भागात एकदा तरी जेवतो.

पहिल्या भागात भिंतवाली एक शब्द बोलत नाही. याला म्हणतात पात्र! फोरमवर दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण कपाळाला सतत आठ्या. एवढी शक्ती दिलीय तर जरा हसायला काय होतं? मिशाळ नावाच्या सदस्याने लगेच दुजोरा दिला. तो म्हणतो, हल्लीच्या सगळ्याच पराक्रमी बायका कडू काढा प्यायल्यासारख्या असतात.

९ मार्च

घात झाला. दुसऱ्या भागात भिंतवाली बोलायला लागली. तलवारवाला बिचारा चौकातल्या पायरीवर जेवत बसलेला, आणि हिचं चाळीस सेकंद गुऱ्हाळ. पौर्णिमा, हात, शिकून घ्या, वगैरे.

मी लिहिलं: 'मी थकले.'

चाळीस सेकंदांचा अर्क दोन शब्दांत. स्वतःचीच पाठ थोपटली. कंपनीतल्या तपासणीच्या बाईंनी पास केलं. त्या फक्त ओळींची लांबी आणि ऱ्हस्वदीर्घ बघतात.

फोरमवर एकमत: पहिल्या भागात बरी होती, आता रडूबाई झाली. कानसेन नावाच्या एका सदस्याने मात्र खडा टाकला. त्याला म्हणे मूळ भाषा कळते. त्याने विचारलं, तिचे ओठ चाळीस सेकंद हलतात आणि खाली दोनच शब्द कसे? मी उत्तर दिलं की ओठ हलवणं म्हणजे बोलणं नव्हे. तेवीस लाइक.

लेखमाला: शीर्षकाचा फॉन्ट ठरला.

११ मार्च, संध्याकाळी ६

ताईने स्वयंपाकघरात बोलावून मला अंडं उकडायला शिकवलं. चाळिसाव्या वर्षी! मग वॉशिंग मशीनची बटणं. मग ओट्याला टेकून साडेसहा मिनिटं. समुद्राकाठचं गाव, तिथली लॅब, ती पूर्ण तिच्या हाताखाली, मालकांना कळवलंय, तू खोली शोधायला लाग, वगैरे. सारांश: ताईला समुद्रावर फिरायला जायचंय.

जाऊ की. मे महिन्यात बघू.

काळजीची गोष्ट वेगळीच. ती लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर जशा चिठ्ठ्या चिकटवते, तशा आता घरातल्या डब्यांवर चिकटवायला लागलीय. मीठ. साखर. चहा. मेन स्विचवर 'मेन स्विच'. फोनच्या बाजूला डॉक्टरांचा नंबर. एक्कावन्न म्हणजे काही वय नाही, पण विसरायला लागली बहुतेक. जिवाला चटका बसला. आई-बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, तेव्हापासून ताईच सगळं बघते. घरही तिच्याच नावाने भाड्याने घेतलेलं.

संकल्प: ताईच्या स्मरणशक्तीकडे लक्ष देणे.

१४ मार्च

हॉलमध्ये आवाज घुमतो हल्ली. शिंकलो तर शिंक परत आली. आई-बाबांचा फोटो होता तिथे भिंतीवर फिकट चौकोन आहे. ताईचं शिवणाचं मशीनही दिसत नाही. दुरुस्तीला दिलं असणार. घर एकदम मोकळं, छान वाटतंय. माझ्या खोलीचं मात्र तिने काही हलवलेलं नाही. कोऱ्या खोक्यांची एक चवड तेवढी दाराशी आणून ठेवलीय. मी त्यावर प्रिंटर ठेवला.

१६ मार्च

चौथा भाग. भिंतवाली पुन्हा सुरू. या वेळी भिंतीला बारीक तडा गेलाय, त्यातून वारा शीळ घालतोय, आणि ती तलवारवाल्याला नावाने हाक मारून मारून बोलतेय. तो तलवार पुसतोय. माझी ओळ: 'आता होत नाही.' तलवारवाल्याच्या उत्तरातलं मात्र एक अक्षर कापलं नाही. तो म्हणतो, 'नंतर बोलू.'

भिंतवालीला फोरमवर चार गुण. मिशाळचं म्हणणं, तिला मालिकेतून काढूनच टाकावं, गोष्टीत तिचं काम काय? नुसती उभी तर असते. माझं मत इतकं टोकाचं नाही. उभं राहायला कोणीतरी लागतंच. फक्त बोलू नये.

२० मार्च, दुपारी ४

एक जोडपं आलं, हातात मोजायची टेप घेऊन. पडदेवाले! ताई शेवटी मनावर घेते तर. पडदेवालीने माझी खोलीसुद्धा मोजली, लांबी-रुंदी दोन्ही. मोठी कसून काम करणारी माणसं. टेबल राहणार आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, टेबल कुठे जाणार? ती ताईकडे बघायला लागली आणि ताई खिडकीबाहेर.

ते गेल्यावर ताई माझ्या पलंगाच्या कडेवर बसून नऊ मिनिटं बोलली. उच्चांक. शेवटी आवाज जरा चिरकला. मला पाचव्या भागाची डेडलाइन होती, एक कान तिच्याकडे होता. सारांश: पडदे फिकट निळे.

जाताना तिने फ्रिजवर एक कागद लावला, वर लाल पेनने ३१. नंतर वाचू.

२२ मार्च

पाचवा भाग गेला. भिंतवालीची दीड मिनिटाची बडबड. संपूर्ण काढली. पडद्यावर तेवढा वेळ खाली काहीच नाही, प्रेक्षकांना वारा ऐकू दे. वातावरणनिर्मिती.

लेखमाला: भाग एकचं पहिलं वाक्य तयार आहे. 'स्त्री-पात्रावर अन्याय करणारा मी शेवटचा माणूस असेन.'

२४ मार्च, रात्री

शेवटचा भाग.

माझा विश्वास बसत नाही. पौर्णिमेचा चंद्र उगवतो, भिंतवाली हात खाली घेते, बोटं चोळते, आणि चालायला लागते. बस्स! भिंत कोसळते. वादळ गल्लीगल्लीतून शिरतं. तलवारवाला पायरीवर ताट घेऊन बसलेला, ताट उडून जातं. तो तिला हाका मारतो. ती वळून बघत नाही.

अचानक! ना सूचना, ना कारण. तडक फोरमवर लिहिलं: 'हे असं होतं. लेखकांना बायका लिहिताच येत नाहीत. वीस वर्षं उभी असलेली बाई एक दिवस सरळ चालायला लागते, आणि आम्ही ते मान्य करायचं? आधी कुठे एका शब्दाने तरी बोलली का?'

४१२ लाइक. आयुष्यातला सर्वोच्च क्षण. मिशाळने लिहिलं, निष्पक्षजी, तुम्ही आमच्या मनातलं बोललात.

ताईला ओरडून सांगायला गेलो. ती चिकटपट्टीने खोकं बंद करत होती. चारशे बारा, मी म्हटलं. तिने विचारलं, खोली मिळाली का? वयाचा परिणाम. विषयाला धरून बोलत नाही.

२६ मार्च

कानसेनने दावा साधला. भिंतवालीचं सगळं मूळ बोलणं, सेकंदांसकट, भाषांतर करून फोरमवर टाकलं. दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागात तिने तीन वेळा सांगितलंय म्हणे. पौर्णिमेला मी हात सोडणार. तोवर प्रत्येक गल्लीतून एकाने यावं, भिंत धरायला मी शिकवते. जड नाही, फक्त लक्ष द्यावं लागतं.

दुपारपर्यंत कंपनीतून बोलावणं. तपासणीच्या बाईंनी मला हेडफोन लावून बसवलं. त्या एकेक क्लिप लावत गेल्या. शेवटी म्हणाल्या, सगळं पुन्हा करा, एकतीसपर्यंत. आणि पुढचं काम मिळेल असं धरून चालू नका.

मिशाळने मला अनफॉलो केलं. तो म्हणतो, त्याला पहिल्यापासून भिंतवालीच आवडत होती.

२७ मार्च

घरी बसून ऐकतोय. पूर्ण ऐकलं तर बाई वाईट बोलत नाही. चिडत तर मुळीच नाही. प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली जातो, एवढंच.

मनात उगाच शंकेची पाल चुकचुकली. डायरी मागे चाळून बघितली. ३ तारीख, ११ तारीख, २० तारीख.

डायरी मिटली. फ्रिजवरचा कागद लांबून बघितला. त्यावर घरमालकांची सही आहे. पडद्यांच्या पावतीवर घरमालक कशाला सही करतील?

संकल्प: उद्या ताईशी सविस्तर बोलायचं. घड्याळ न बघता.

२८ मार्च

आज जमलं नाही. चौथ्या भागात अडकलो. उद्या नक्की.

२९ मार्च

फोरमवर माफीनामा लिहिण्यात दिवस गेला. अकराशे शब्द झाले. कापवत नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी ताईशी बोलणार म्हणजे बोलणार.

३० मार्च, सकाळी ११

आज सकाळी भिंतवालीचा पाचव्या भागातला निरोप पूर्ण लिहून काढला. एक शब्द न गाळता. लिहिताना डोळे भरून आले, हे इथे मान्य करतो.

मी हेडफोन लावून बसलो होतो तेव्हा ताई दारात येऊन उभी राहिली. अंगावर बाहेर जायचे कपडे, हातात पर्स. तिचे ओठ हलले. मी बोट वर करून सांगितलं: एक मिनिट.

ती एक मिनिट थांबली. कदाचित जास्त. मी बघितलं नाही.

हेडफोन काढला तेव्हा दारात कोणी नव्हतं. खाली ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात एक ताट, एक पेला, सहा अंडी. अंड्यांच्या डब्यावर चिठ्ठी: दहा मिनिटं.

३० मार्च, दुपारी ३

फ्रिजवरचा कागद वाचला. एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता घर रिकामं करून किल्ल्या द्यायच्या आहेत. खाली ताईचीही सही आहे. त्याखाली तिने पेन्सिलीने माझ्यासाठी तीन खोल्यांचे पत्ते लिहून ठेवले होते. दोन ठिकाणी फोन केला, खोल्या गेल्या. तिसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, तुमची बहीण दोनदा येऊन गेली, आम्ही पंचवीस तारखेपर्यंत थांबलो होतो.

खोकी भरायला घेतली. प्रिंटर कशात बसत नाही.

३१ मार्च, दुपारी १२.२०

जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. पडदेवाले आत आहेत. तेच राहायला आले आहेत. चांगली माणसं आहेत, संध्याकाळपर्यंत खोकी जिन्यात राहू देत म्हणाली. पडदे त्यांनी खरंच फिकट निळे आणलेत.

तीन तारखेला ताई चार मिनिटं बोलली होती. ते आठवून लिहून काढायचा अर्धा तास प्रयत्न केला. नाही आठवत. भिंतवालीचं निदान मूळ रेकॉर्डिंग होतं, पुन्हा ऐकता आलं. ताईचं माझ्याकडे आहे ते एवढंच: ताईला बदल हवाय. हे तर ती बोललीच नव्हती, हे मी लिहिलं होतं.

१२.४५

ताईला फोन केला. उचलला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता, समुद्राचा असणार. मी म्हटलं, ताई, सगळं पुन्हा सांग. पहिल्यापासून. मला वेळच वेळ आहे, वही-पेन घेऊन बसलोय, या वेळी तू म्हणशील ते सगळं लिहून घेतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग बोलली. मग फोन ठेवला.

तिचं बोलणं खाली देतोय.

'थकले रे.'

पूर्ण दिलंय. एक अक्षरही कापलेलं नाही.