तीन माणसं पुरेत

३ मार्च, सोमवार

सतरा नंबरची बस बंद होणार. स्टॉपवर कागद डकवलाय. महिनाअखेरपर्यंत सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, तीही नव्या रस्त्याने, टेकडीपलीकडच्या वस्तीत न शिरता. त्यानंतर तीही नाही. कारण काय, तर प्रवासी कमी.

ताई त्याच वस्तीत राहते. किडनीचं दुखणं. मंगळवार, गुरुवार, शनिवार मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसला जाते. तिकडे जाणारी ही एकच बस. कागद दोनदा वाचला. काही वाटलं नाही. राग फार खोल गेला असणार.

बायकोने संध्याकाळीच कृती समितीत नाव दिलं. समिती मोठा मोर्चा काढणार आहे. मी तिला शांतपणे समजावलं की मोर्चा म्हणजे उन्हातली सामुदायिक शतपावली. साहेब खिडकीतून बघतो, पडदा ओढतो, संपलं. बदल घडवतात ती मूठभर ठाम माणसं. ती म्हणाली, मग आधी मूठभर मटार सोला.

सोलले. पण विचार चालू होता.

५ मार्च, बुधवार, ऑफिसात

गट तयार. मी, ड्रिल सर आणि झेरॉक्स. ड्रिल सर शाळेत कवायत शिकवायचे, आता रिटायर्ड; शिस्त त्यांच्याकडे. झेरॉक्सचं कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान, प्रचारयंत्रणा त्याच्याकडे. विचार माझा. तीन माणसं पुरेत. चौथा आला की गर्दी सुरू होते.

गटाला नाव हवं. 'ठिणगी' मी सुचवलं. सरांना 'पथक' हा शब्द पाहिजेच. झेरॉक्स म्हणाला, लहान नाव ठेवा, टोनर वाचेल. पुढच्या बैठकीत ठरवू.

हे लिहिताना फोन आला. लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात बसतो मी. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मला फोन करतात. बाई रडत होत्या. म्हटलं, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय. माणूस जेवायला गेला होता. पण निघालाच असता.

८ मार्च, शनिवार

थेट कृती क्रमांक एक. सकाळी बस डेपोच्या गेटला साखळीने स्वतःला बांधून घ्यायचं, म्हणजे एकही बस बाहेर पडणार नाही. झेरॉक्सला दहावीच्या हॉलतिकिटांची गर्दी होती, तो आला नाही. सरांनी मला बांधलं. गाठी, कुलूप, सगळं चोख. मग त्यांना आठवलं की बीपीची गोळी घ्यायची राहिली. आलोच म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात.

हे गेट वापरात नाही. बसेस मागच्या गेटने जातात. वॉचमनने सांगितलं. चांगला माणूस. त्याने खुर्ची आणून दिली, पण साखळीमुळे बसता येईना, म्हणून खुर्ची शेजारी ठेवून तो स्वतः बसला. कशासाठी बांधलंय, असं त्याने विचारलं. मी प्रत्यक्ष कृती आणि प्रतीकात्मक निषेध यांतला फरक समजावला. तो म्हणाला, त्याची मेहुणी पण मोर्चाला जाणार आहे.

सर जेवूनच आले. गोळी जेवणानंतरची होती.

तात्पर्य: पाहणी आधी करायची, कृती नंतर. हा धडा कुठल्याही मोर्चातून मिळाला नसता.

११ मार्च, मंगळवार

घरात पाय ठेवायला जागा नाही. बायकोकडे समितीच्या बायका, नर्सिंगच्या मुली, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय. फलक रंगवताहेत. मला म्हणाल्या, काका, जरा सरका. एकीने विचारलं, हे कोण? बायको म्हणाली, आमचे हे. बास, एवढंच.

ताईला सध्या शेजारचा प्लंबर स्कूटरवर हॉस्पिटलला सोडतो. रोज कोणाच्या उपकारात राहू, असं ती बायकोला फोनवर म्हणाली. मला नाही म्हणाली. मला त्रास नको म्हणून.

१२ मार्च, बुधवार

कृती क्रमांक दोन. आजवरची सर्वांत देखणी.

वस्तीतल्या स्टॉपच्या खांबावरचा आकडा बस कंपनीने खरवडून काढलाय. आपण तो परत रंगवायचा. आकडा दिसला की लोक जमतील, लोक जमले की बस आणावीच लागेल. भर दुपारी गेलो. दुपारी कोणी मान वर करून बघत नाही. झेरॉक्सने स्टूल धरलं. पांढऱ्या ऑइलपेंटने मी ठसठशीत '१७' काढला. खाली 'सुरू' असंही लिहिलं. झेरॉक्स म्हणाला, अगदी सरकारी वाटतंय. कौतुकाची सवय नाही, पण लिहून ठेवतो.

ताईच्या घरावरूनच परतलो. आत गेलो नाही. हाताला रंग होता.

१४ मार्च, शुक्रवार

ताई हॉस्पिटलात आहे.

काल सकाळी तिने खांबावरचा आकडा पाहिला. बस सुरू झाली म्हणून प्लंबरला फोन करून सांगितलं, आजपासून येऊ नकोस बाबा, तू सुटलास. मग स्टॉपवर जाऊन उभी राहिली. आणखीही माणसं होती. बाकीची कंटाळून गेली. ती थांबली. उन्हात. लिहिलंय म्हणजे येईल, असं म्हणत होती म्हणे. प्लंबर तोवर दुसऱ्या गावाला कामावर. डायलिसिस चुकलं. आज पहाटे श्वास लागला, शेजाऱ्यांनी अॅम्ब्युलन्स बोलावली.

बायको तिकडेच आहे. मी ऑफिसात. दोन लिफ्ट अडकल्या. माणूस निघालाय म्हणालो. दोन्हीकडे.

विचार केला. दोष कंपनीचा आहे. आकडा बरोबर होता, बस चुकीची होती. तरी जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

१६ मार्च, रविवार

भेटून आलो. ताईच्या तोंडावर सूज आहे. हाताला सुया. मी विचारलं, बरं आहे का? ती म्हणाली, बरं आहे.

निघताना म्हणाली, तुझा सात अजून तसाच आहे रे. शेपटी वर वळवतोस. लहानपणी मी पाटीवर शिकवला होता.

बायको तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. ताईने तिला सांगितलं नाहीये. मी रंगाबद्दल काही बोललो नाही. ती म्हणाली, डबा घेऊन जा, रिकामा आहे.

रिकामा डबा घेऊन बसस्टॉपवर उभा राहिलो. मग आठवलं, रविवारी बस नाही. चालत आलो.

१७ मार्च, सोमवार

खांबावरचा आकडा पुसायला हवा. झेरॉक्सला सांगितलं. तो म्हणाला, टर्पेंटाइन आणू. संध्याकाळी प्लंबर दिसला. म्हणाला, आकडा त्यानेच पुसला, कोणा नालायकाने काढला होता. मी म्हणालो, हो ना.

२२ मार्च, शनिवार

मोर्चा झाला. मी अर्थात सामील झालो नाही. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून निरीक्षण केलं. एक चहा संपला, दुसरा संपला, मोर्चा संपेना. डॉक्टर, हमाल, शाळेची पोरं, काठी टेकणारी म्हातारी माणसं. डेपोचा वॉचमन होता. प्लंबर होता. ड्रिल सर होते, शिट्टी वाजवत रांगा सरळ करत होते. त्यांना नंतर जाब विचारला. म्हणाले, रांगा फार वाकड्या होत्या हो, बघवेना.

बायको पुढे होती. तिला इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्या खिडकीखालून गेली. मी हात वर केला. वेटरला वाटलं, तिसरा चहा.

कंपनीच्या साहेबाने निवेदन घेतलं, विचार करू म्हणाला. पडदा ओढला. म्हणजे मी म्हणालो होतो तेच. संध्याकाळी बायकोला तसं सांगितलं. ती पाय गरम पाण्यात बुडवून बसली होती. म्हणाली, खरं आहे तुमचं, नुसत्या मोर्चाने भागणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने हे कबूल केलं. आनंद व्हायला हवा होता.

२९ मार्च, शनिवार

परवा शेवटची फेरी. गटाची निर्णायक बैठक त्याच दिवशी संध्याकाळी, झेरॉक्सच्या दुकानात, शटर अर्धं खाली. गुप्ततेसाठी सर्वांचे फोन बंद. आता माघार नाही.

ताई घरी आली आहे. बायको रोज तिच्याकडे जाते. दोघींचं काहीतरी कुजबुजणं चालतं. बायकांचं काय असतं.

१ एप्रिल, मंगळवार, सकाळी

क्रमाने लिहितो.

काल बैठक झाली. नावावर चर्चा झाली. 'ठिणगी पथक' यावर एकमत. पुढची दिशा ठरवायला वेळ उरला नाही. दुकानाबाहेर माणसं पळत होती. झेरॉक्स म्हणाला, कुठे पाइप फुटला असेल. सरांनी शिस्त मोडू दिली नाही.

घरी आलो तर कुलूप. फोन सुरू केला. बायकोचे बरेच कॉल. ताईचा एक.

शेवटच्या फेरीत बायको, ताई आणि डायलिसिसच्याच दोघी चढल्या. बस डेपोत पोचली, त्या उतरल्या नाहीत. कंडक्टर उतरा म्हणाला. ताई म्हणाली, मला उद्या हॉस्पिटलला जायचंय, मी इथेच थांबते. बस, एवढंच म्हणाली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तोही जागेवर बसून राहिला. वॉचमनने ओरडून बाहेर सांगितलं. मग मोर्चातली सगळी माणसं आली. आत बसलेल्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही, कारण बाहेर गर्दी होती. आणि या वेळी गर्दी हलली नाही, कारण आत माणसं बसली होती. नर्सिंगच्या मुली ताईचं बीपी बघत होत्या. मी पोचलो तेव्हा साहेब लेखी देऊन गेला होता. सतरा नंबर चालू, वस्तीतून, पुढच्या सूचनेपर्यंत.

गर्दीतून पुढे जायचा प्रयत्न केला. एक मुलगी म्हणाली, काका, जरा सरका.

बायकोला म्हटलं, हे तर माझंच तत्त्व. मूठभर माणसं. ती म्हणाली, हो. फोन का लागत नव्हता? म्हटलं, बैठक होती. ती ताईला पाणी द्यायला गेली.

३ एप्रिल, गुरुवार

रजा घेतली. ताईला हॉस्पिटलला मी नेणार, असं जाहीर केलं. ती म्हणाली, कशाला रे, बस आहे ना. तरी गेलो.

बसमध्ये लोकांनी तिला उठून जागा दिली. माझ्याकडे बघून एकाने विचारलं, सोमवारी तुम्ही पण होता का आत? मी सविस्तर सांगणार होतो, मुळात ही कल्पना कुठून आली ते. ताई म्हणाली, तो कामात होता. त्या माणसाने मान डोलावली आणि बाहेर बघू लागला. मीही बाहेर बघितलं.

ती मशीनवर गेली. मी बाहेर बाकावर बसलो. पुढच्या कृतीचा आराखडा करावा म्हटलं. काही सुचलं नाही. भिंत हिरवट आहे. डोळा लागला.

जाग आली तेव्हा बाकावर मी एकटाच. नर्सला विचारलं. ती म्हणाली, ताई केव्हाच गेल्या, बसने. तुम्हाला उठवत होते मी, त्याच नको म्हणाल्या. झोपू दे म्हणाल्या, दमलाय तो.