मोठा बेडूक हौदात कुणी सोडला

आण्णा,

काल घरी काचेची पेटी आली, एकशे चाळीस रुपये. नारळाचा भुसा, अकरा रुपये. आणि आपल्या दादानं माझ्या नातीसाठी हर्सूलच्या तळ्यावरून धरून आणलेले पाच बेडूक, फुकट. चौघे बोटाएवढे, पाचवा माझ्या तळहाताहून मोठा. "काय गं, सगळे एकातच सोडू का?" दादानं विचारलं. मी नको म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं मान वळवून चांगला कान पुढं केला, आणि मी हातानंच नको अशी खूण केली.

तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतले शिपाई. पोलीस अ‍ॅक्शननंतर शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, तरी चिरफाडीच्या तासाला बेडूक तुम्हीच पुरवायचात. पडेगावच्या आपल्या अंगणातल्या हौदात तुम्ही ते सांभाळायचात. अर्धी ओली माती, अर्धं विहिरीचं पाणी, दडायला कौलाचे तुकडे, जिवंत गांडुळं. साबणाचा हात लावायचा नाही, हळदीचा तर नाहीच, त्यांची कातडी सगळं पिते म्हणून. मोठा मात्र निराळ्या रांजणात, वर फरशी. "तोंडात मावंल ते गिळतो त्यो. त्याला आपलं-परकं नाय," तुम्ही सांगायचात.

त्या साली पाऊस लई लांबला. धोंडी काढायची, मुसळाला बेडूक बांधून दारोदार पाणी मागायचं, म्हणून गल्लीतल्या बाया आल्या. "माझं जित्राब मारून देव पावणार व्हय?" म्हणत तुम्ही त्यांना हाकललं. मी दहा वर्षांची; मला वाटलं, आता देव आपल्याच घरावर कोपणार. दुसऱ्या दुपारी तुम्ही शाळेत असताना मी फरशी सरकवली आणि मोठा त्यांच्या हाती दिला. रांजणातलं पाणीही त्यांनी धोंडीसाठी उपसून नेलं. सुतळीनं आवळलेला तो मुसळावर उलटा लोंबतोय, वरून घागरी ओततायत, आणि ओरडावा म्हणून कुणी काठीनं डिवचतंय. त्याचा एक डोळा फुटला. मी रडत त्याला सोडवून आणलं. रांजण कोरडा, म्हणून घटकाभर हौदात ठेवला.

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा हौदात सहा लहानांतले दोनच उरले होते. एकाचे पाय मोठ्याच्या तोंडाबाहेर अजून झाडत होते. "कुणी सोडला?" चारापाण्याचं काम दादाकडं. "मी नाय, आण्णा. आईची आण." विहिरीचा ओला दोर तुम्ही दुहेरी केला. "खोटं बोलतो? माझ्या तोंडावर?" दादा हौदाच्या काठावर आपटला, तरी दोर थांबेना. आई मधे पडली, तिचं मनगट सुजलं. शेवटचा फटका त्याच्या कानावर बसला आणि कानातून रक्त आलं. मी तुळशीपाशी उभी, डोळे मिटून रामनाम घेत होते.

पुढं तुम्ही कुणावर हात उगारला नाहीत. पण शेवटच्या दुखण्यात दादाचा हात धरून म्हणालात, "तू खोटं बोलायला नको हुतंस रे." तो नुसता तुमचे पाय चेपत राहिला. तेव्हाही मी उशाशीच होते.

चार लहान पेटीत सोडलेत, मोठा बादलीत, वर परात. उद्या दादा बघायला येईल.

आण्णा, त्या दिवशी मोठा हौदात मी सोडला होता. दादाला सांगू की नको, ते उलट टपाली कळवा. तुमचा कागद आला नाही तर मी सांगणार नाही, एवढी मी मला ओळखते.