बटणांवरची बोटं

दुबलगुंडी
रविवार

प्रिय सिद्धू,

हे तुझ्या फोनवरच येईल, पण मेसेज समजून रस्त्यात उभ्या उभ्या वाचू नको. घरी जा, मंजुश्रीला चहा टाकायला सांग, बस आणि मग वाच. लांब आहे. आणि यातलं अक्षर न् अक्षर मी माझ्या बोटांनी टाईप केलंय.

आधी बातमी. मला नोकरी लागली! आपल्याकडच्या तूरवाल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढलीय, तिच्यात. अठरा गावांच्या शिवारात फिरायचं, कुणाच्या तुरीला काय झालंय, कुठलं बी कुठल्या मातीत टिकलं, शेतकरी काय म्हणतो, ते जागेवरच लिहून कलबुर्गीला पाठवायचं. सोमवारपासून रुजू. तुझी अक्का, सिद्धू. तेहतिसाव्या वर्षी.

दिवाळीत मी फोनवर सांगितलं, बटणांचा मोबाईल घेतलाय, तेव्हा तू केवढा हसलास. "अक्का, बटणाचा फोन आता कोण वापरायलंय? कपाटात ठेव शोभेला," म्हणालास. पुण्यात मोबाईलच्या दुकानात बसतोस, तुझंही खरंच. तेव्हा मी विषय बदलला. आज उत्तर देते.

तू आजवर तीन फोन पाठवलेस, एकाहून एक भारी. दर वेळी विचारायचास, "कसा चाललाय?" आणि मी म्हणायची, "झकास." खोटं बोलत होते. ती काच माझ्या बोटांना ओळखतच नाही. भाजलेली कातडी भरून आली ती जाड आणि गुळगुळीत, पायाच्या टाचेसारखी. दहा वेळा टेकवावं तेव्हा एकदा लागतं, तेही भलत्याच ठिकाणी. रेशन दुकानातल्या आंगठ्याच्या मशीनवर माझा आंगठा उमटत नाही, तीच गत. बोटाच्या सांध्यानं दाबून दाबून तुला एकदा 'जेवलास का' लिहिलं होतं, त्याला किती वेळ लागला ते आठवलं की हसू येतं. तुला सांगितलं नाही, कारण बोटांचा विषय निघाला की गुऱ्हाळाचा निघणार, आणि त्या विषयाला तू आणि मी सतरा वर्षं वळसा घालतोय.

बोलून लिहायचंही करून पाहिलं. पण आपलं बोलणं तुला माहीत आहे, निम्मं मराठी, त्यात कानडी, वरून दखनी. मी म्हणाले, "तुरीला मर लागलाय." फोननं लिहिलं, "तुला मार लागलाय." अप्पा दिवसभर हसत होते.

शेवटी तुझा तिसरा फोन घेऊन बिदरला गेले, मैलूरमधल्या शिवप्रसादच्या दुकानात. हीच काच जरा नरम करून मिळेल का, असं वेड्यासारखं विचारलं. त्यानं फोनकडं नाही, माझ्या हातांकडं पाहिलं आणि आतून एक डबी आणली. "अक्का, हे बघा. जुना न्हाई, नवाच हाय. भाईरदेशी एक बारकी कंपनी अजून काढतीय. हैदराबादच्या एका गिऱ्हाईकानं हौसेनं घेतला, महिन्यात कंटाळला." वर छोटी काच, खाली मक्याच्या दाण्यांसारखी बटणं, चार रांगा. मी एक दाबलं. ते खाली गेलं, टक् झालं, अक्षर उमटलं. दुसरं दाबलं, तेही उमटलं. इंग्रजी बटणं दाबली तर वर मराठी येतं, तीच दाबली तर कानडीही येतं. मी तिथंच रडले असते, पण दुकानात गर्दी होती. तुझा फोन देऊन तो घेऊन आले. रागावू नको.

खोड्या त्यालाही आहेत. पडदा इवलासा, फोटो अंधूक, व्हिडिओ बघायचा तर डोळे बारीक करावे लागतात. मंजुश्रीला दिलास तर ती दोन दिवसांत परत करील, आणि तिचं बरोबरच असेल. बघणाऱ्याला काच बरी. पण मला बघायचं नव्हतं, लिहायचं होतं. दोन महिने रोज बोटं फिरवली. आधी बघून, मग न बघता. चुलीवर भात शिजताना, बसमध्ये, अप्पांशी बोलताना. हळूहळू कुठलं बटण कुठं ते बोटांनाच कळायला लागलं.

आता निवडीचा दिवस ऐक. आम्ही तिघं होतो. मी आणि हुमनाबादचे दोन पदवीवाले, दोघांकडं चकचकीत मोठे फोन. कलबुर्गीहून धनलक्ष्मी मॅडम आलेल्या. माझ्या हातातला फोन बघून त्यांनी भुवई उडवली, आणि बोटं बघून नजर वळवली. म्हणाल्या, "तुम्हाला जमेल का हे? नीट विचार करा." मी म्हटलं, "मॅडम, शेतात गेल्यावर बघा."

सकाळी अमृतप्पांच्या तुरीत नेलं. कमरेच्या वर पीक आणि त्यावर गच्च दव. दोन पावलांत सगळ्यांचे हात ओले. मॅडम म्हणाल्या, अमृतप्पा बोलतील, तुम्ही लिहा. ते दोघं कपड्याला बोटं पुसतायत, काच पुसतायत, उन्हाची तिरीप आली की हाताचा आडोसा करतायत. माना खाली घातल्या त्या वर निघेनात. अमृतप्पा बिचारे त्यांच्या टाळूशी बोलत होते. दोन वाक्यं बोलून थांबले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. बोटं खाली चालू. मी विचारलं, "मामा, पुढं?" ते म्हणाले, "लिवून झालं व्हय एवढ्यात?" मी म्हटलं, "झालं. तुम्ही बोला." मग म्हातारा खुलला. बी कुठलं, पेरलं कधी, पाऊस कधी दडला. मध्येच कानडीत शिरले, मीही शिरले. आणि एकाएकी आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तिकडं वढ्याच्या कोपऱ्यात चल. ह्यास्नी दाखवलं न्हाई." सगळेच मागोमाग गेलो, तर तिथं पन्नासेक झाडं उभी वाळलेली. मर लागलेला. लाजेनं म्हातारा लपवत होता. कधी दिसलं, आधी कुठलं झाड गेलं, मागच्या साली तिथं काय होतं, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी उभ्या उभ्या लिहिलं.

बांधावर मॅडमनी तिघांचं वाचून घेतलं. एकाच्या सहा ओळी. दुसऱ्याच्या फोननं 'मर'चं परस्पर काय केलं असेल ते तू ओळख. माझं वाचायला लागले ते संपेचना. अमृतप्पा मध्येच उठून उभे राहिले. "मॅडम, हिनं माझं बोलणं जसंच्या तसं धरलंय. माझ्या शेतात हीच येऊ द्या." मॅडमनी माझा फोन हातात घेतला, चार बटणं दाबून बघितली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "हे कुठं मिळतं हो?" सिद्धू, त्या बांधावर मी कशी उभी होते, ते तू बघायला हवं होतंस. कधी नव्हे ते हात पदराखाली घ्यायचं मला सुचलंच नाही.

आता खरं. नोकरीचं मी फोनवरही सांगितलं असतं. लिहायला बसले ते दुसऱ्याच कामासाठी. त्या दिवशी गुऱ्हाळात उकळत्या काहिलीपाशी दोघांनी थांबायचं, असं अप्पांनी बजावलं होतं. तू अकराचा, मी सोळाची. मीच तुला म्हटलं, "जा, ऊस खाऊन ये." गड्यांसारखी काहील एकटीनं कलती करून दाखवायची होती मला. फडकं निसटलं आणि उकळता पाक हातांवर आला. नंतर अप्पांनी तुला विचारलं, कामून जागा सोडलीस. तू म्हणालास, अक्कानं पाठवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवली. न्हाई म्हणून. तू मार खाल्लास, खोटारडा ठरलास, पुण्याला गेलास ते घरात दोन दिवसांवर कधी राहिला नाहीस, आणि तरी मला फोन पाठवत राहिलास. काल पेढे वाटून झाल्यावर मी अप्पांपुढं बसले आणि सगळं सांगितलं. आपल्या पायांवर उभी राहिले तेव्हा कुठं तेवढी हिंमत आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिद्धरामला लिव. म्हणावं, तू खरं बोलत होतास, बापानं ऐकलं न्हाई. ह्या वक्ताला चार दिवस ऱ्हायाला ये."

तुझीच अपराधी आणि आज फार आनंदात असलेली,
श्रीदेवी अक्का