घरचं माणूस

अंबरनाथ (पूर्व)
१९ जानेवारी २०२५

चि. चैत्राली,
अनेक आशीर्वाद.

बेलवलीचं तुझं नवं घर भरपूर उन्हाचं आहे, असं तुझी मैत्रीण जिज्ञासा सांगत होती. बरं वाटलं. तू लावलेला कढीलिंब आता खिडकीच्या वर गेलाय. एकटीला कितीशी पानं लागणार? चहा-टोस्टवर माझा दिवस जातो. "आई, तुमचं पोटसुद्धा कॉन्व्हेंटात शिकलंय, भाकरी दिसली की नाक मुरडतं," असं तू चिडवायचीस.

माझा खोकला आठवतो? कॅम्प दोनच्या बाजारातला मेडिकलवाला दर वेळी म्हणायचा, "अम्मा, पाँच दिन का कोर्स, एकदम फिट." त्याच्या अँटिबायोटिकची किती पाकिटं मी संपवली, देव जाणे. तो नुसता खोकला नव्हता गं. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला.

अनीश पुण्याहून येतो, रिपोर्ट बघतो, जातो. इम्युनोथेरपी चालू आहे, पण गाठ लहान होत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे औषध आपल्याच शरीराला लढायला लावतं, आणि त्यात आतड्यातल्या चांगल्या जंतूंची मदत लागते असं दिसतंय. मेडिकलवाल्याच्या त्या गोळ्यांनी माझे बरेचसे मारले असावेत. एका घरात राहणाऱ्यांचे जंतूही एकमेकांकडे जातात म्हणे. मी विचारलं, "मग माणसं गेली की तेही जातात का?" त्या हसल्या नाहीत.

त्यांच्याकडे एक प्रयोग चालू आहे. निरोगी, तरुण माणसाचे जंतू आजाऱ्याला देतात. खात्री नाही, पण माझ्याकडे दुसरं फारसं उरलेलं नाही. माणूस आपणच आणायचं, घरचं. अनीशने नुकत्याच दाढेसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या, म्हणून तो बाद.

ते जंतू कशातून घेतात, हे लिहायला पेन अडतंय. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हांला पोट दुखतं हेसुद्धा मोठ्याने सांगू देत नसत. शौचातून घेतात, चैत्राली. तपासून, गाळून कॅप्सूलमध्ये भरतात. वास मुळीच येत नाही, असं नर्सने मला दोनदा बजावलं.

"घरात तरुण कोण आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सून आहे. नाचणी, कडधान्यं, सगळं खाते. साध्या तापाला गोळी घेत नाही."

"मग घेऊन या ना तिला."

सून होती, असं म्हणायला हवं होतं. जीभ वळली नाही. कोर्टात तुझं नि अनीशचं नातं सुटलं, त्यात माझंही सुटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

अनीशला हे पत्र ठाऊक नाही. तुला नको वाटलं तर उत्तरही देऊ नकोस, मी समजेन. यायचं ठरवलंस तर तपासणी बुधवारी सकाळी असते. मी रिक्षा घेऊन तुझ्या दारात येईन.

खाली 'आई' लिहिलं तर तुला नाही म्हणणं जड जाईल. म्हणून नाव लिहिते.

कुमुदिनी